धन्याची परीक्षा



गेल्या वर्षी माझी पुतणी अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडली आणि दैवयोगाने नव्हे, तर तिच्या स्वतःच्या कष्टाने, एकाच आठवड्यात तिला दोन कंपन्यांकडून बोलावणे आले. आमच्या घरात याआधी कोणापुढे दोन नोकऱ्या एकदम उभ्या राहिल्या नव्हत्या. एक नोकरी मिळावी म्हणून आमच्या पिढीने चपला झिजवल्या. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "जिथं पगार जास्त, तिथं जा." पोरगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, पगार मला समजला. पण तिथली माणसं कशी आहेत, हे कसं समजायचं? आणि ते बघायचा मला अधिकार आहे का?"

तिच्या प्रश्नाचा पहिला भाग व्यवहाराचा आहे, दुसरा नीतीचा आहे. आधी दुसऱ्याचे उत्तर द्यावे लागेल, कारण अधिकारच नसेल तर रीत शिकून उपयोग काय?

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक जुनी समजूत घर करून आहे. भाकरी देणाऱ्याची चौकशी करू नये, मिळाले ते माथी लावावे, धनी जसा असेल तसा गोड मानून घ्यावा, ही ती समजूत होय. ही शिकवण आपल्याला धम्माने दिलेली नाही. ज्या व्यवस्थेने आपल्या आजा-पणजाला गावकीच्या बलुत्यात बांधले, धनी निवडण्याचा हक्कच ठेवला नाही, त्या व्यवस्थेची ही शिकवण आहे. वतनाच्या महाराला 'कोणाचे काम करू?' असा प्रश्न पडत नव्हता, कारण तो प्रश्न त्याच्या वतीने त्याच्या जन्मापूर्वीच सोडवून ठेवलेला होता. आज निवडीची संधी आली असता जो परीक्षा करीत नाही, त्याने धर्म बदलला, परंतु मनातले वतन सोडले नाही, असेच म्हणावे लागेल.

बाजारात मडके घेताना आपली आई ते बोटाने वाजवून घेते. मुलीचे लग्न ठरवताना आपण तीन गावे चौकशी करतो. मग ज्या ठिकाणी दिवसाचे आठ-नऊ तास आणि आयुष्याची तीस वर्षे जायची, त्या ठिकाणाची चौकशी करणे हा उद्धटपणा कसा?

भगवान बुद्धांनी तर स्वतःलाही परीक्षेतून वगळले नाही. मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्तात ते भिक्खूंना सांगतात की, तथागताचीही परीक्षा करा. डोळ्यांनी जे दिसते आणि कानांनी जे ऐकू येते, ते तपासा. चांगले वागणे फार दिवसांचे आहे की नुकतेच सुरू झाले, ते पाहा. कीर्ती झाल्यावर दोष शिरले काय, ते पाहा. संयम आहे तो भीतीपोटी आहे की मनापासून, तेही पाहा. जो शास्ता स्वतःची परीक्षा करू देतो, त्याच्या अनुयायाने कारखानदाराची परीक्षा करण्यास का कचरावे?

दुसरा आधार सिगालोवाद सुत्ताचा. तेथे धनी आणि सेवक यांचे नाते एकतर्फी सांगितलेले नाही. सेवकाची पाच कर्तव्ये आहेत, तशीच धन्याचीही पाच आहेत. कुवत पाहून काम नेमून द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळच्या वेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कोणत्याही कचेरीला लावून पाहा, एकही कलम शिळे झालेले नाही. धन्याला कर्तव्य आहे असे एकदा मानले, की ते तो पाळतो किंवा नाही हे पाहण्याचा सेवकाला अधिकार आपोआप येतो. तेव्हा पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, अधिकार तर आहेच, परंतु सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग असल्यामुळे ते कर्तव्यही आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे. कंपनी काय विकते, ही परीक्षेची पहिली पायरी. ती माणसाला कसे वागवते, ही दुसरी.

आता ही दुसरी पायरी नीट समजून घेतली पाहिजे. हल्ली याला कंपनीची संस्कृती म्हणतात. दर्शनी भागात चकचकीत पाटी असते, तीवर प्रामाणिकपणा, आदर, समता असे शब्द कोरलेले असतात. पाटी ही संस्कृती नव्हे. मालकाचे मोठे नाव, हीदेखील संस्कृती नव्हे. याचा दाखला शोधायला आपल्याला लांब जायला नको.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. धनी कोण? सयाजीराव महाराज! ज्यांनी बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, ज्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, असा पुरोगामी राजा. त्या काळच्या हिंदुस्थानात याहून चांगला धनी शोधूनही सापडला नसता. आणि तरीही काय घडले? कचेरीतले शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी तेथूनही बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला तो विद्वान पाच तास सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. राजाचे मन मोठे होते, यात शंका नाही. परंतु ते मोठेपण शिपायाच्या हातापर्यंत पोहोचले नव्हते. कंपनीची संस्कृती मालकाच्या भाषणात शोधू नये, ती कागद देणाऱ्या हातात शोधावी, हा धडा बडोद्याने आपल्याला कायमचा दिलेला आहे.

दुसरा धडा मुंबईच्या गिरण्यांचा. आपले हजारो लोक गिरणीत होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. मजुरी मात्र त्याच खात्यात चांगली होती. कारण असे सांगत की, धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि तो धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागतो, म्हणून विटाळ होतो. हा नियम कोणत्याही मालकाने भिंतीवर लिहून लावलेला नव्हता. खात्यातले कामगारच तो पाळीत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. भांडवलदाराविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांना आपल्या शेजारच्या कामगाराचा विटाळ चालतो कसा, असा तो सवाल होता. सांगण्याचा मुद्दा हा की, 'हा आमच्यात जुळत नाही' हे वाक्य फार जुने आहे. तोंड बदलते, शब्द बदलतो, धोटा मात्र तोच राहतो.

आजही तो आहे काय? भावनेने बोलू नये, पुरावा पाहावा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, पात्रता समान असूनही दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावापेक्षा कमी होती, आणि मुसलमान नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. हे अधिकारी एका श्वासात म्हणत की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, आणि दुसऱ्या श्वासात सांगत की उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारल्याशिवाय आम्ही घेत नाही. २०१२ साली देशातील १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे निघाले. तेव्हा 'कंपनीशी जुळणारा माणूस हवा' असे कोणी म्हणाले, तर जुळायचे कशाशी, हे विचारणे भाग आहे.

येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी १९८४ साली एका कारखान्याच्या भांडारात लागलो आणि २०१६ साली तेथूनच निवृत्त झालो. मुलाखतीत साहेबांनी विचारले, "मूळचे कुठले?" मी शेजारच्या मोठ्या गावाचे नाव सांगितले. आडनाव कोणत्याही जातीत खपेल असे होते, ते खपून गेले. पुढे दर वर्षी विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी मी रजा काढी आणि अर्जात 'मामेबहिणीचे लग्न' असे लिही. एकाच मामाच्या चार मुलींची लग्ने मी अशा रीतीने लावून दिली, आणि माझ्या मामाला मुलगी एकच! सगळे म्हणत, "तुमचं-आमचं छान जमतं." जमणारच, कारण जमवून घेणारा तेथे मी नव्हतोच, माझ्या नावाचा दुसराच कोणी होता. एके दिवशी जेवणाच्या सुटीत डबे उघडलेले असताना एक सहकारी 'त्या लोकां'विषयी काही बोलला. सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. माझ्या समोर बसलेला झाडूवाला, आपलाच बांधव, माझ्याकडे पाहत होता. त्याला माझे गाव ठाऊक होते.

त्या दिवशी माझे चौथे शील मोडले ते अर्जातल्या खोट्या लग्नांनी नव्हे, त्या गप्प बसण्याने मोडले. पुढच्या वर्षी अर्जात मी खरे कारण लिहिले. रजा मिळाली. दोघा-तिघांनी माझ्या डब्यातले घेणे बंद केले, दोघा-तिघांनी नव्याने सुरू केले. हिशेब फिटला. परंतु सहा वर्षे ज्याला मी 'चांगले वातावरण' समजत होतो ते माझ्या खोटेपणावर उभे होते, हे मला फार उशिरा कळले.

याचा अर्थ ज्याने भीतीपोटी नाव-गाव लपवले त्याला मी दोषी धरतो असा नाही. बाबासाहेबांवरही बडोद्यात तीच पाळी आली होती, आणि त्यांनी ती स्वतःच पुढे लिहून ठेवली. दोष लपवायला लावणाराचा आहे. परंतु नव्याने निघालेल्या मुलामुलींनी नोकरी पत्करण्यापूर्वी एवढे जरूर तपासावे की, तेथे मी जसा आहे तसा बसू शकेन काय? जेथे मन मारूनच जुळते, ते जुळणे नव्हे, झिजणे होय.

आता रीत. कोसलचा राजा पसेनदी एकदा भगवंतांपाशी बसला असता काही जटाधारी आणि परिव्राजक जवळून गेले. राजाने त्यांना हात जोडले आणि विचारले, हे अर्हत असतील काय? भगवंतांनी सांगितले की, वरून पाहून हे कळायचे नाही. शील सहवासाने कळते, सचोटी व्यवहाराने कळते, धैर्य आपत्तीत कळते आणि प्रज्ञा संभाषणाने कळते, आणि तेही थोड्या काळात नव्हे, दीर्घ काळात. तेव्हा राजाने कबूल केले की, हे साधू नव्हेत, माझेच हेर आहेत, घरी जाऊन अंघोळ करून चांगलेचुंगले ल्यायचे-खायचे त्यांना.

चार कसोट्या मिळाल्या, पण अडचणही तेथेच आहे. उमेदवाराला मुलाखतीचा अर्धा तास मिळतो. दीर्घ सहवास तो आणणार कोठून? मला वाटते, यावर एकच उपाय आहे. ज्यांनी तो सहवास भोगला आहे, त्यांच्याकडून तो उसना घ्यावा.

शीलासाठी कंपनी सुटण्याच्या वेळेला फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस उभे राहावे. साहेबाला विचारू नये. पहारेकऱ्याला, गाडीवाल्याला, झाडलोट करणाऱ्या बाईला विचारावे. त्या बाईला पाणी प्यायचा पेला वेगळा आहे काय? कायम कोण आणि कंत्राटी कोण? सफाईच्या कामात कोणत्या वस्तीतली माणसे आहेत आणि हिशेबाच्या खात्यात कोणत्या? सोडून गेलेल्यालाही गाठावे, तो का गेला ते ऐकावे.

व्यवहारासाठी कागद पाहावे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम कंपनी वेळेवर भरते किंवा नाही, हे त्या संघटनेच्या नोंदीत पाहता येते. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून सेबीच्या नियमाने एक जबाबदारी अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात कायम आणि बिगर-कायम माणसे किती, स्त्रिया किती, वर्षात किती जण सोडून गेले, लैंगिक छळाच्या आणि भेदभावाच्या तक्रारी किती आल्या, हे सारे असते. जातवार आकडे त्यात मागितलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. आणि तक्रारींच्या रकान्यात शून्य दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. तक्रार नसणे आणि तक्रार करायची सोय नसणे, दोन्हींचे शून्य सारखेच दिसते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे महिलांसाठी अंतर्गत समिती लागते. मुलींनी तिच्या सदस्यांची नावे विचारावीत. ती सांगायला जेथे कोणी कचरतो, तेथे समिती कागदावर आहे असे समजावे.

आपत्तीसाठी विचारावे की, टाळेबंदीच्या २०२० सालात या कंपनीने कोणाला घरी बसवले आणि पगार कोणाचा कापला? आणि संभाषणासाठी मुलाखतीत आपणही प्रश्न विचारावेत. कामाचे तास किती, हे विचारण्यात लाज कसली? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना, १९४६ साली, कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्यांनी ज्यासाठी झगडावे, ते आपण विचारूही नये काय?

मात्र उसना सहवास जपून घ्यावा. केसपुत्ताच्या कालामांना भगवंतांनी जे सांगितले ते येथेही लागू आहे. ऐकीव म्हणून मानू नये, सांगणारा आपला आहे म्हणूनही मानू नये. रागावून गेलेला माणूस काळे सांगेल, बढती मिळालेला पांढरे सांगेल. दोघांचे ऐकून, जे दोघांच्याही बोलण्यात येते, ते खरे धरावे.

दोन आक्षेप राहतात. पहिला असा की, पोटाला चिमटा असताना ही चैन कोणाला परवडते? खरे आहे. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने मिळेल ती शीलाला न सोडणारी नोकरी धरावी, यात कमीपणा नाही. परंतु त्यानेही डोळे उघडे ठेवून धरावी. आत काय आहे हे ठाऊक असणारा माणूस अपमानाला आपला दोष समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. सगळेच चांगली जागा शोधू लागले, तर वाईट जागा सुधारणार कोण? विणकाम खात्याचे दार कोणीतरी ठोठावलेच ना! याला माझे उत्तर असे की, ठोठावायला जाणाऱ्यानेच तर परीक्षा अधिक कसून करावी. दार बंद आहे पण बिजागरी शाबूत आहे, अशा ठिकाणी संघटना बांधून ते उघडता येते. जेथे दारच नाही, निव्वळ भिंत आहे, तेथे एकट्या पोराचे डोके फोडून घेण्यात धम्म नाही. करुणेत स्वतःवरची करुणाही येते. आणि कोणी जाणूनबुजून कठीण जागा पत्करली, तर समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहावे, 'तुलाच कशाला नसती उठाठेव' असे म्हणू नये.

यातूनच आपल्या सर्वांचे एक कर्तव्य निघते. आपल्यापैकी जो आत आहे त्याने बाहेरच्याला खरे सांगावे. आपण नोकरीला लागलो की वस्तीत येऊन फक्त पगाराचा आकडा सांगतो, डब्याची गोष्ट सांगत नाही. ही लाज आपली नव्हे, ती सोडून दिली पाहिजे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास ठेवावा. जाणत्यांनी सांगावे, होतकरूंनी विचारावे. एकाचा तीस वर्षांचा सहवास दुसऱ्याच्या अर्ध्या तासाला बळ देईल.

पुतणीचे काय झाले, ते सांगून थांबतो. तिने टपरीवर चहा प्यायला, कागद पाहिले आणि दोन्ही कंपन्यांत एकच प्रश्न विचारला, "धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मला रजा लागते, मिळेल का?" एका ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "हा दिवस मला माहीत नव्हता. कधी असतो?" आणि त्यांनी तारीख वहीत लिहून घेतली. दुसऱ्या ठिकाणचे साहेब हसून म्हणाले, "आमच्याकडे जातपात कोणी मानत नाही हं." पोरीने जातीचा शब्दही काढलेला नव्हता.

ती पहिल्या ठिकाणी रुजू झाली. पगार थोडा कमी आहे. जागा चांगली निघाली का, असे मी परवा विचारले, तर म्हणाली, "काका, आठच महिने झालेत. अजून सहवास थोडा आहे. पण कॉलेजातल्या एका मुलीने चौकशी केली, तिला जे आहे ते सगळं सांगितलं."